तीन तलंगा

नाशिकच्या पंचवटीत मखमलाबाद रस्त्याला एक मळा होता. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्याला मिळालं आणि इथल्या जमिनी भाजीपाल्याने भरल्या. पुढे शहर वाढलं, मळ्यांच्या जागी इमारती आल्या. पण या मळ्यातल्या घराने अर्धा एकर राखून ठेवला होता. मेथी, कोथिंबीर, वांग्याच्या चार ओळी आणि बांधाला शेवगा. घरात आजी, आप्पा, दोन मुलं, दोन सुना आणि थोरल्याचा नऊ वर्षांचा मुलगा. शेवग्याच्या झाडाखाली आजीचं खुराडं होतं.

खुराड्यात पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. रंगावरूनच त्यांची नावं पडली होती. काळी, तांबडी, कवडी, पिवळी आणि राखाडी. त्यांत काळीचा मान पहिला. आजीने कणी टाकली की काळी पुढे यायची, तिच्या मागून तांबडी, मग बाकीच्या. रात्री दांडीवर बसतानाही वरची जागा काळीची. इतक्या दिवसांत परसात कधी भांडण दिसलं नव्हतं. आजी शेजारणींना सांगायची, "माझ्या कोंबड्या फार गुणी. चोच म्हणून मारत नाहीत कोणाला."

त्या वर्षी वैशाखात धाकट्याचं लग्न झालं. सून दिंडोरी तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. स्वभावाने शांत. पहिल्या दिवाळसणाला ती माहेरी गेली आणि भाऊबीज करून परतली, तेव्हा भावाच्या पिकअपमध्ये एक झाकलेलं डालगं होतं. डालग्यात तीन तलंगा. साडेचार-पाच महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या. एक पांढरी, एक ठिपक्यांची आणि एक उघड्या मानेची. आईने लेकीला दिलेली भेट होती ती.

आजीला आनंद झाला. तिने डालगं उचललं, थेट परसात नेलं आणि खुराड्यासमोर उघडलं.

"जा गं बायांनो, आता हेच तुमचं घर," ती म्हणाली.

सुनेचे ओठ हलले. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण घरात येऊन सहा महिने झाले होते. आजवर स्वयंपाकघरातला एक डबाही तिने आपल्या मनाने इकडचा तिकडे केला नव्हता. ती गप्प राहिली.

तिन्ही तलंगा डालग्याबाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. काळीने मान वर केली. मानेवरची पिसं फुलवली. मग ती धावून आली आणि पांढरीच्या डोक्यावर तिने चोच मारली. तिच्या मागून तांबडी आली, तिच्या मागून कवडी. ज्या पिवळीला आजवर कोणी विचारत नव्हतं, ती तर सगळ्यांत पुढे. पळायला वाट नव्हती. एकीकडे भिंत, दुसरीकडे कुंपणाची जाळी. ठिपक्यांची कशीबशी लाकडांच्या मोळीवर चढली. उघड्या मानेची भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. पांढरीच्या तुऱ्यातून रक्त आलं. ते लाल दिसताच बाकीच्या पुन्हा त्याच जागी टोचू लागल्या.

आजी धावली. तिने केरसुणीने काळीला हाकललं.

"मेली दुष्ट! इतकी वर्षं खाऊ घातलं, आणि आज हे रूप दाखवलंस?"

मग तिची नजर कोपऱ्यातल्या तलंगेवर गेली. "आणि हीसुद्धा कसली घाबरट! जरा सामोरं जाता येत नाही?"

नातू हे सगळं बघत उभा होता. त्याने काकीचा पदर ओढला. "काकी, तुझ्या आईकडे पण अशाच भांडतात का कोंबड्या?"

"नाही भांडत," सून हळूच म्हणाली.

"मग तिकडे कसं करतात?"

सून आजीकडे बघू लागली. आजीच्या हातात रक्ताळलेली पांढरी होती. ती वैतागली होती, पण तलंगेसाठी तिचा जीवही तुटत होता. ती म्हणाली, "बोल की पोरी. ठाऊक आहे तर बोलत का नाहीस?"

तेव्हा सून बोलली.

"आत्याबाई, काळी दुष्ट नाही आणि ही घाबरट नाही. आपण त्यांना एकमेकींच्या अंगावर सोडलं. आमची आई नव्या कोंबड्या आणते तेव्हा आधी लांब ठेवते, मग दाखवते आणि मग मिसळते. महिना-दीड महिना जातो. पण रक्त निघत नाही."

"महिना-दीड महिना? कोंबड्यांसाठी?"

"हो. आणि आधी हिची जखम धुवून हळद लावू. बरी होईपर्यंत हिला कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही."

आजीने पांढरी तिच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी तिघींचा मुक्काम मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीशेजारी हलला. सुनेने जुन्या फळ्या आणि जाळी जोडून आडोसा केला, खाली भाताचं तूस पसरलं, वेगळं पाण्याचं भांडं ठेवलं. थंडी सुरू झाली होती, म्हणून रात्री वरून गोणपाट टाकायचं ठरलं.

"इतक्या लांब कशाला?" नातवाने विचारलं.

"रोगासाठी," काकी म्हणाली. "बाहेरून आलेली कोंबडी दिसायला धडधाकट असते, पण तिच्या अंगात रोग असू शकतो. चार दिवसांनी शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पंख गळतात, हिरवट नाहीतर रक्ताची हगवण लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर आठ-दहा दिवसांत खुराडं रिकामं होतं. आईने यांना राणीखेतची लस दिली आहे. तरी डोळ्यांनी बघून खात्री करायची."

"म्हणजे या आपल्या कोंबड्यांना आजारी पाडतील?"

"किंवा आपल्या कोंबड्या यांना. जुन्या कोंबड्यांनी काही रोग पचवलेले असतात. त्या ठणठणीत दिसतात, पण त्यांच्यापासून नवीला लागण होते. म्हणून लांब ठेवायचं ते दोघींच्या भल्यासाठी. शिक्षा म्हणून नाही."

तिने त्याला कामाचा क्रमही शिकवला. सकाळी आधी जुन्यांना दाणापाणी, मग नव्यांना. नव्यांकडे जाताना वेगळी चप्पल घालायची आणि परतल्यावर हातपाय धुवायचे, कारण रोग माणसाच्या पायानेही जातो. एका सकाळी तिने तिन्ही तलंगा हातात घेऊन पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून उवा आहेत का ते पाहिलं. मग आजीच्या पाचही कोंबड्या तशाच तपासल्या. उवा निघाल्या त्या तांबडीच्या अंगावर. आजीला आश्चर्य वाटलं. इतके दिवस तिने कधी पिसं उलटून बघितली नव्हती. तिने सुनेच्या सांगण्याप्रमाणे कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून कोंबड्यांना लोळायला खड्डा करून दिला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणवलं.

आप्पांना मात्र त्या पहिल्या दिवसाच्या भांडणाचं कुतूहल वाटत होतं. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "सूनबाई, एक सांग. या पाच जणी आजवर भांडल्या नाहीत. मग त्या दिवशी सगळ्या एकदम कशा उठल्या? पिवळीसुद्धा?"

सुनेने तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्यामागचं कारण मोठ्या विद्वानांनीही शोधलं आहे. नॉर्वेतल्या थॉरलाइफ श्येल्डरुप-एब्बे या माणसाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. १९२१ साली त्याने आपल्या प्रबंधात मांडलं, की कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात एक उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचू शकते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची कोणालाच नाही. प्रत्येक कोंबडी दुसरीला चेहऱ्यावरून, तुऱ्यावरून ओळखते आणि आपली पायरी लक्षात ठेवते. एकदा ही उतरंड ठरली की भांडायची गरज उरत नाही. काळीने नुसती मान वर केली तरी पिवळी बाजूला होते. आजी ज्याला गुणीपणा म्हणत होती, ते असं पूर्वीच मिटवलेलं भांडण होतं.

नवी कोंबडी आली, की तिला कोणत्या पायरीवर बसवायचं हे ठरलेलं नसतं. मग सगळ्याच उतरंडीला धक्का बसतो. वरच्यांना आपली जागा जाईल ही भीती, आणि तळाच्या पिवळीला आता आपल्या खालीही कोणी येईल ही आशा. म्हणून ती सगळ्यांत पुढे होती. चहूबाजूंनी सोसणारा जीव संधी मिळाली की आपल्याहून दुबळ्याला सोसायला लावतो, हे त्या दिवशी परसात दिसलं.

चार आठवडे गेले. पांढरीचा तुरा भरून आला. एकीलाही शिंक आली नाही. तिघी आता आजीच्या हातातली कणी टिपू लागल्या होत्या. मग सुनेने दुसरी पायरी सांगितली. त्यांचा आडोसा उचलून शेवग्याच्या झाडाजवळ आणला आणि खुराडं व आडोसा यांच्यामध्ये बारीक जाळी लावली. आता दोन्हीकडच्यांना एकमेकी दिसत होत्या, आवाज ऐकू येत होता. पण चोच पोचत नव्हती.

पहिल्या दिवशी काळी जाळीला भिडून उभी राहिली. पिसं फुलवून तिने इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. सुनेने दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ ठेवली. खायचं तर शेजारी उभं राहूनच खावं लागायचं. आधी दोन्हीकडच्या बिचकल्या. मग भुकेने भीतीवर मात केली. आठवडाभरात काळी जाळीपलीकडे न बघता दाणे टिपू लागली. दहाव्या दिवशी दुपारी ती जाळीला टेकून मातीत लोळत होती आणि पलीकडे, हातभर अंतरावर, उघड्या मानेची लोळत होती.

"आता सोडूया की," आजी म्हणाली.

"अजून चार दिवस थांबू, आत्याबाई. त्या चार दिवसांत आपल्याला काम आहे. पलीकडे गेल्यावर यांनी खायचं कुठे, प्यायचं कुठे आणि पळायचं कुठे, हे आधी करून ठेवू."

ते काम सगळ्या घराने केलं. परसात आजवर दाण्याचं एकच घमेलं होतं. आता तीन झाली, आणि तीही एकमेकांपासून लांब, म्हणजे एकटी काळी तिन्हींवर पहारा करू शकणार नाही. पाण्याची भांडी दोनाची तीन केली. खुराड्यात बसायची दांडी एक होती. धाकट्याने त्याच उंचीवर आणखी एक ठोकली. अंड्यांसाठी गवत घातलेल्या दोन पाट्या जास्तीच्या ठेवल्या. नातवाने लाकडांची मोळी भिंतीपासून सरकवून मध्ये आणली. आता मागे लागलेल्या कोंबडीला चुकवायला तिच्याभोवती फिरता येत होतं आणि कोंडीचा कोपरा राहिला नव्हता. एक जुनी खाट उभी टेकवून तिचा आडोसा केला. थोरल्या सुनेने मेथीच्या दोन जुड्या दोरीने शेवग्याच्या फांदीला टांगल्या. कोंबडी उडी मारून पाला तोडण्यात गुंतली, की तिला दुसरीला टोचायला सवड राहत नाही.

हे चाललं असताना आप्पांना सिंहस्थाची आठवण झाली. नातवाला जवळ घेऊन ते म्हणाले, "ही युक्ती आपल्या नाशिकला जुनी आहे बरं. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, साधूंचे आखाडे येतात. पेशवाईच्या काळात आधी स्नान कोणी करायचं, या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये मोठी लढाई झाली. माणसं मेली. तेव्हा पेशव्यांनी निवाडा दिला. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करावं आणि वैष्णवांनी इथे रामकुंडावर. ती व्यवस्था आजही चालू आहे. नदी एकच, पण दोन ठिकाणी स्नान. कोणाचा मान गेला नाही."

"म्हणजे त्यांनी दाण्याची घमेली वाढवली," नातू म्हणाला.

"असंच समज. साधूंना वाईट ठरवून ते भांडण मिटलं नसतं. जागा वाढवली म्हणून मिटलं. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभं राहिलं, तेही साधू यायच्या आधी. पाणी, रस्ते, दिवे, सगळं आधी. बोलावणाऱ्याने आधी तयारी करायची, मग बोलवायचं."

आजीने हे ऐकलं. भाऊबीजेनंतर आणलेलं डालगं आपण कसं उघडलं होतं, ते तिला आठवलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या मांडणीचे खालचे दोन कप्पे रिकामे केले आणि सुनेला म्हणाली, "तुझे मसाले, तुझे डबे इथे लाव. तुला हवे तसे."

मग जाळी काढायचा दिवस आला. सुनेने वेळ निवडली ती संध्याकाळची, दिवस मावळायच्या तासभर आधीची. कोंबड्यांची पोटं भरलेली असतात आणि थोड्याच वेळात त्यांना दांडीवर चढायचं असतं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, म्हणून रात्री भांडण नाही. पुष्कळ लोक नव्या कोंबड्या गुपचूप रात्री खुराड्यात ढकलतात आणि सकाळी सगळं सुरळीत होईल अशी आशा करतात. कधी ते साधतंही. पण सकाळी दार उघडायला उशीर झाला तर बंद खुराड्यात नवीला पळायला जागा नसते. म्हणून सून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठणार होती.

तिघींना एकदमच सोडलं, एकेकीला नाही. एकटी सोडली असती तर पाच जणींच्या चोची एकीवर पडल्या असत्या. तिघी असल्या की मार वाटला जातो आणि धीर वाढतो.

काळी आली. तिने पांढरीला एक चोच मारली. पांढरी मोळीच्या मागे गेली. काळी दोन पावलं धावली आणि मग मेथीच्या जुडीकडे वळली. तांबडीने उघड्या मानेचीला हाकललं, ती तिसऱ्या घमेल्याकडे गेली. पिवळी ठिपक्यांचीवर धावून गेली. ठिपक्यांची या वेळी पळाली नाही. दोघी छातीला छाती लावून उभ्या राहिल्या, दोनदा उसळल्या आणि पिवळी मागे सरली.

आजी केरसुणी घेऊन उठली. सुनेने तिचा हात धरला. "राहू द्या, आत्याबाई. एवढं होणारच. प्रत्येक चोचीला आपण मध्ये पडलो तर त्यांचं कधीच ठरणार नाही, आणि मग रोज हेच. रक्त आलं, किंवा एकीला दोघी-तिघी मिळून खाली दाबू लागल्या, किंवा कोणी दिवसभर दाण्यापाण्याला येऊच शकली नाही, तर मात्र लगेच उचलायचं."

"आणि काळी थांबलीच नाही तर?"

"तर तिलाच चार दिवस मोटारीच्या खोलीकडे ठेवायचं. ती परत येते तेव्हा तिलाही जागा नव्याने शोधावी लागते. मग जोर उतरतो."

काळीला हलवायची वेळ आली नाही. पहिले तीन दिवस पळापळ झाली, पिसं उडाली. रक्त निघालं नाही. चौथ्या दिवसापासून परस शांत होऊ लागला. जुन्या कोंबड्यांची अंडी मधल्या काळात कमी झाली होती, ती पूर्ववत झाली. तिघी आधी खुराड्याच्या एका टोकाला वेगळ्या बसायच्या. हळूहळू मधलं अंतर कमी झालं.

एका संध्याकाळी नातवाने आप्पांना विचारलं, "आप्पा, काळी आधीपासून इथे आहे, म्हणून तिचा मान पहिला. मग माणसांतही असंच असतं का? आधी आला तो मोठा, नंतर आला त्याने खाली बसायचं?"

आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बाळा, कोंबडीला उतरंडीवाचून जगता येत नाही. माणसाला येतं. आपल्या पंचवटीतच बघ. काळारामाचं मंदिर तू रोज बघतोस. त्याच्या दारात २ मार्च १९३० ला हजारो माणसं उभी राहिली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी तो सत्याग्रह उभारला, दादासाहेब गायकवाडांनी पुढे होऊन तो चालवला. त्यांचं मागणं एवढंच होतं, की देवाच्या दारात आम्हालाही येऊ द्या. दारं बंद झाली. दगड आणि काठ्या खाऊनही ती माणसं पुढची काही वर्षं मागे हटली नाहीत. आणि ती काही बाहेरून नवी आलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच होती. त्यांना खालची पायरी कोणी दिली? निसर्गाने नाही, माणसांनीच. म्हणून कोंबड्यांकडे बोट दाखवून कोणी म्हणालं, की जगात असंच चालतं, तर त्याचं ऐकू नकोस. कोंबडी काय करते ते बघून आपण तिची सोय लावायची. तिच्याकडून न्याय शिकायचा नाही."

नातवाने ते मनात ठेवलं.

पौषात त्याच्या शाळेत एक मुलगा आला. आईवडील सुरगाण्याहून बांधकामावर आले होते. त्याची बोली वेगळी होती आणि मधल्या सुट्टीत पोरं त्यावरून हसायची. तो वर्गाच्या भिंतीला टेकून एकटा डबा खायचा. नातवाने ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या दोन मित्रांना बरोबर घेतलं आणि तिघं जण त्याच भिंतीशी, पण थोड्या अंतरावर, डबा खायला बसले. त्यांनी त्याला काही विचारलं नाही आणि त्याला ओढून आपल्यात आणलंही नाही. चार-पाच दिवस ते नुसते तिथे बसत राहिले. मग एके दिवशी त्या मुलानेच आपल्या डब्यातली नागलीची भाकरी पुढे केली.

संक्रांत आली. सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, अंगणात हळदीकुंकवाला आलेल्या बायका. परसात आठ कोंबड्या एकाच उन्हात माती उकरत होत्या. एका शेजारणीने विचारलं, "या नव्या कधी आणल्या हो? आमच्याकडे मागच्या वर्षी आणल्या तर जुन्यांनी एक मारूनच टाकली. तुमच्या बऱ्या रुळल्या!"

"माझं काही नाही त्यात," आजी म्हणाली. "आमच्या धाकट्या सूनबाईला विचारा. तिला यातलं सगळं कळतं. मी तिच्याकडूनच शिकले."

दिवाळीत जी एक शब्द बोलायला बिचकत होती, ती सून सगळ्या बायकांमध्ये बसून शांतपणे सांगू लागली. आधी लांब, मग समोर, मग एकत्र. घमेली वाढवा. एकटी सोडू नका, जोडीने सोडा. कोपरे मोकळे करा. चोचीला घाबरू नका, रक्ताला घाबरा. बायकांनी चार प्रश्न विचारले, तिने चारांची उत्तरं दिली.

त्या महिन्याच्या शेवटी पांढरीने पहिलं अंडं घातलं.

तात्पर्य: नवा आणि जुना यांच्यात भांडण झालं की आपण लगेच विचारतो, दोष कोणाचा. जुना दुष्ट की नवा दुबळा? बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. ज्याने त्यांना एकत्र आणलं, त्याने जागा, वेळ आणि वाढीव ताट यांची सोय आधी केली नव्हती, हे खरं कारण असतं. घरात सून येवो, वर्गात नवा मुलगा येवो, कामावर नवा माणूस येवो किंवा गावात नवं कुटुंब येवो. दार उघडण्याआधी आत त्याची सोय करून ठेवा. त्याला एकटं पाडू नका. ओळख व्हायला दिवस द्या, किरकोळ कुरबुरीत पडू नका आणि जखम होऊ लागली तर क्षणभरही थांबू नका. आणि जो नवा आला आहे त्याला बोलू द्या. तुम्हाला जे ठाऊक नाही, ते कदाचित त्यालाच ठाऊक असेल.